जुनी रायफल खरी कशी ओळखायची? चिरनेरच्या निमित्ताने

दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरच्या हुतात्मा स्मारकापुढे पोलीस बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात. १९३० साली याच तारखेला, याच गावाशेजारच्या अक्कादेवीच्या माळावर, पोलिसांच्याच बंदुका लोकांवर चालल्या होत्या. आजचा आपला विषय या बंदुका आहेत. त्या दिवसाचा इतिहास आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पण एखादी जुनी लष्करी रायफल समोर आली, आणि कोणी म्हणालं की 'ही त्या काळची, ही चिरनेरची', तर ते खरं की खोटं हे कशावरून ठरवायचं? तिची किंमत कशात असते? आणि बाजार जिला किंमत म्हणतो तीच इतिहासाच्या लेखी किंमत असते का? आज आपण एवढंच बघू.

प्रसंग थोडक्यात सांगून पुढे जाऊ. चिरनेर आज उरण तालुक्यात आहे; त्या वेळी हा भाग पनवेल तालुक्यात, कुलाबा जिल्ह्यात येत असे. मिठाच्या सत्याग्रहानंतर पावसाळ्यात जंगल सत्याग्रह सुरू झाला. जुलैमध्ये पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी गवत कापून कायदा मोडला, पुढे बिळाशी, संगमनेर, बागलाण अशा अनेक ठिकाणी लोक उतरले. १९२७च्या वन कायद्याने सरपण, गवत, चराई यांवर जी बंधनं घट्ट केली होती त्यांचा जाच आगरी, कोळी, कातकरी घरांना रोजच्या रोज होता. २५ सप्टेंबरला आसपासच्या गावांतून माणसं कोयते घेऊन अक्कादेवीच्या जंगलात गेली. गोळीबार झाला. धाकू फोफेरकर, नवश्या कातकरी, रामा कोळी, आनंदा पाटील, रघुनाथ न्हावी, परशुराम पाटील, हसुराम घरत आणि आलू म्हात्रे हे आठजण हुतात्मा झाले. पनवेलचे मामलेदार जोशी हेही त्या दिवशी मारले गेले. ते जमावाच्या हातून गेले असं सरकारी बाजू सांगत होती. ते पोलिसाच्याच गोळीने पडले असं गाव सांगत आलं आहे. पुढे खटला चालला आणि बचावाच्या वकिलांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

'कोणाच्या बंदुकीतली गोळी' हा प्रश्न म्हणजे चिरनेरच्या बाबतीत हौशी संग्राहकाचं कुतूहल नाही. माणसं फासावर जायची की सुटायची, हे अशा प्रश्नावर ठरत असतं.

आता आपल्या विषयाकडे येऊ. जुन्या हत्याराबरोबर नेहमी एक गोष्ट येते. हत्यार लोखंडाचं असतं, ते फारसं बदलत नाही. गोष्ट मात्र दर पिढीला थोडी वाढते. आपल्याकडे ताजं उदाहरण वाघनखांचं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून आलेली, आणि पेटीवर तसा मजकूर. पण अफझलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखं ती हीच, याची खात्री देता येत नाही, असं खुद्द त्या संग्रहालयानेच सांगितलं होतं. किती वाद झाला हे आपण पाहिलं. त्यातली बारकाई अशी की वस्तू जुनी आहे, वस्तू ग्रँट डफकडून आली, आणि वस्तू अमुक दिवशी अमुक हातात होती, ही तीन वेगवेगळी विधानं आहेत. पहिलं सिद्ध झालं म्हणून तिसरं सिद्ध होत नाही. रायफलीच्या बाबतीत हे तीन धागे आपण सतत वेगळे ठेवू या.

रायफलीचं एक बरं असतं, ती तलवारीपेक्षा बोलकी असते. कारखान्यात तयार झालेली वस्तू असल्यामुळे तिच्यावर शिक्के असतात, आकडे असतात, साल असतं. आपल्याकडे जिला सरसकट 'थ्री नॉट थ्री' म्हणतात ती ली-एन्फिल्ड घ्या. बोल्टच्या मुठीखाली, दस्ता जिथे लोखंडी खोबणीत बसतो तिथे उजव्या बाजूला बघायचं. वर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरं, मग कारखान्याचं नाव, साल आणि नमुना. व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी, ई.आर. म्हणजे सातवा एडवर्ड, जी.आर. म्हणजे जॉर्ज. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेल्या रायफलींवर जी.आर.आय. असं दिसतं, त्यातला शेवटचा 'आय' सम्राटपदाचा. इंग्लंडमधलं एन्फिल्ड, बर्मिंगहॅमची बी.एस.ए., लंडनची एल.एस.ए., ऑस्ट्रेलियातलं लिथगो, आणि आपलं इशापूर, ही नावं या खोबणीवर भेटतात.

पहिली परीक्षा इथेच होते आणि ती सोपी आहे. राजा आणि साल यांचा मेळ बसतो का? व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. तरीही 'व्ही.आर.' आणि खाली १९०५ किंवा १९०७ असे शिक्के असलेल्या मार्टिनी बंदुका जगभर फिरतात. त्या खैबर खिंडीच्या परिसरातल्या, दर्रा आदमखेलसारख्या ठिकाणच्या कारागिरांच्या. ही माणसं हातात कानस आणि समोर एक अस्सल बंदूक ठेवून हुबेहूब नक्कल करत. इंग्रजी लिपी येत नसे, त्यामुळे शिक्क्यात अक्षरं उलटी पडत, 'एन्फिल्ड'च्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर गळे. मुकुट मात्र झकास. आम्हाला या नकलांबद्दल एक वेगळाच आदर वाटतो, कारण साध्या भात्यावर आणि हाताने फिरवायच्या अवजारांवर नळीत पीळ काढणं हे काही खायचं काम नाही. पण त्यांतून गोळी झाडणं म्हणजे स्वतःच्या गालाशी फटाका धरणं. पोलाद कसलं वापरलंय याचा पत्ता नसतो.

दुसरी परीक्षा आकड्यांची. ली-एन्फिल्डवर अनुक्रमांक एकाच जागी नसतो. तो मुख्य चौकटीवर असतो, नळीवर असतो, बोल्टच्या मुठीमागे असतो, पुढच्या लोखंडी टोपणावर असतो, मागच्या नेमपट्टीच्या पोटाला असतो आणि पुष्कळदा पुढच्या लाकडाच्या खालच्या अंगालाही असतो. सगळीकडे एकच आकडा असेल तर संग्राहक हरखतात. बोल्ट वेगळ्या आकड्याचा असेल तर किंमत उतरते, आणि ते नुसतं हौसेचं कारण नाही. बोल्ट त्या त्या चौकटीला घासून बसवलेला असतो. दुसरा बोल्ट घातला तर काडतुसामागची फट कमीजास्त होते आणि बार उडताना पुंगळी फुटू शकते. म्हणजे आकड्यांचा मेळ हा मुळात सैनिकाच्या जिवासाठी होता, संग्राहकाची आवड नंतरची.

नळीवर स्वतंत्र साल असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. खोबणीवर १९१२ आणि नळीवर १९३८ असं दिसलं तर त्याचा अर्थ सरळ आहे: बंदूक जुनी, नळी नवी. लष्करी बंदुकीची नळी झिजली की कारखाना ती बदलतो. मंदिराचा जीर्णोद्धार होतो तसं हे आहे. कळस नवा, सभामंडप नवा, गाभारा जुना. मंदिर तेच म्हणायचं का, तर हो. पण 'या नळीतून १९३० साली गोळी सुटली' असं त्या बंदुकीबद्दल म्हणता येईल का? नाही. तेवढं एक विधान नळीवरच्या त्या दोन आकड्यांनी बाद केलं.

तर कोणी चिरनेरची म्हणून रायफल दाखवली तर बाद करायचे प्रश्न आधी विचारावेत. मुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह आहेत का? मग ती प्रजासत्ताकाची, म्हणजे १९५० नंतरची. ती 'नंबर ४' नमुन्याची आहे का, म्हणजे मागची नेमपट्टी नळीवर नसून डोळ्याजवळ चौकटीवर आहे आणि पुढे नळीचं टोक लाकडाबाहेर आलंय? हा नमुना दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आला. ७.६२ची 'टू-ए' किंवा 'टू-ए-वन' आहे का? दिसायला ती जुन्या थ्री नॉट थ्रीसारखीच, पण १९६२च्या चीन युद्धानंतर इशापूरने काढलेली. आपल्याकडे कित्येक वर्षं होमगार्डच्या आणि पोलिसांच्या खांद्यावर हीच दिसायची, आणि चित्रपटवाले तीच १९३०च्या आणि १९४२च्या प्रसंगात बिनदिक्कत वापरतात. म्हणून लोकांच्या मनात 'इंग्रजांची बंदूक' म्हणून जे चित्र आहे ते बऱ्याचदा स्वतंत्र भारतातल्या बंदुकीचं असतं.

आणखी एक गोष्ट वारंवार ऐकू येते: 'पणजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणलेली रायफल'. कोकणातून मराठा पलटणींत गेलेली माणसं खूप. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात होत्या, एप्रिल १९१६ मध्ये तिथे शरणागती झाली. पण रायफल ही सरकारची मालमत्ता. तिचा आकडा पलटणीच्या वहीत, शिपायाच्या नावासमोर. रायफल हरवली तर शिपायावर लष्करी खटला चाले. परत येताना ती जमा करूनच घरी यायचं. पणजोबांचं पदक घरात असणं साहजिक आहे, रायफल असणं नव्हे. तेव्हा अशा घरात बंदूक निघाली तर ती बहुधा ठासणीची निघते. रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याने घेतलेली. तिचं तिचं मोल आहे, पण ती लष्करी नाही.

आता थोडं थांबून पोलिसांकडे कसल्या बंदुका असायच्या ते पाहू, कारण आमच्या मते या विषयाचं मर्म तिथे आहे.

१८५७चा भडका एन्फिल्डच्या काडतुसांवरून उडाला हे शाळेपासून ठाऊक असतं. त्यानंतर सरकारने काय केलं हे कमी सांगितलं जातं. हिंदी पलटणींसाठी एन्फिल्डच्याच धाटणीची, पण आतून गुळगुळीत नळीची .६५६ इंच व्यासाची मस्केट काढण्यात आली. बाहेरून रायफल, आतून नाही. पीळ असलेल्या नळीतून गोळी स्वतःभोवती फिरत जाते म्हणून लांबवर सरळ जाते. गुळगुळीत नळीतली गोळी शेदोनशे पावलांनंतर भरकटते. हिंदी शिपायाच्या हातात लांब नेमाचं हत्यार नको, हा त्यामागचा हिशोब. पुढे गोऱ्या फौजेला मार्टिनी मिळाली तेव्हा हिंदी पलटणींकडे स्नायडर, गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा हिंदींना मार्टिनी. एक पिढी मागे. आणि पोलीस, तुरुंगाचे पहारेकरी त्यांच्याही मागे.

१८७८चा शस्त्र कायदा याच धोरणाचा दुसरा हात. सामान्य माणसाला परवान्याशिवाय हत्यार बंद. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके त्याच्या दुसऱ्याच वर्षी बंड करून उठले. आणि जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या त्यात एक स्वसंरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याची होती, हे आज सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. अहिंसेच्या आंदोलनाची ही मागणी! पण शस्त्र कायदा हा तेव्हा मानहानीचा विषय होता, म्हणून ती तिथे होती.

पहिल्या महायुद्धानंतर इशापूरच्या कारखान्यात एक चमत्कारिक बंदूक तयार होऊ लागली. वापरून झिजलेल्या .३०३ रायफली घ्यायच्या, त्यांच्या नळीतला पीळ कापून काढून ती .४१० इंचाची गुळगुळीत करायची, आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवायचा, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. काडतूसही .३०३चंच, फक्त पुढची मान न आवळता सरळ ठेवलेलं. ही '.४१० मस्केट'. पोलीस, तुरुंग, पहारे यांच्यासाठी. कारण उघड आहे: बंदूक लुटली गेली तरी तिच्यात लष्कराचं काडतूस कामाचं नाही, पल्ला कमी, आणि दर बारानंतर हाताने भरायला लागते.

दुरून पाहिली तर ही थेट ली-एन्फिल्ड दिसते. तोच मुकुट, तीच खोबणी, तेच १९१५-१६चं साल. नळीत डोकावल्यावर किंवा मॅगझिनमधला ठोकळा पाहिल्यावर कळतं. शिवाय नव्या रूपाचा शिक्का वेगळा मारलेला असतो.

आता प्रश्न असा: ही बंदूक 'मूळ' म्हणायची की 'फिरवलेली'? परदेशातल्या लिलावात .४१० मस्केट अस्सल .३०३पेक्षा कमी भावाने जाते. तिथला संग्राहक म्हणतो, नळी खराब केली, मॅगझिन काढलं, सगळी शोभा गेली. त्यातून एक धंदा उभा राहिला. अशा मस्केटला पुन्हा मॅगझिन लावायचं, दुसरीकडून आणलेली पीळदार नळी बसवायची, ठोकळा फेकून द्यायचा आणि '१९१५ची ली-एन्फिल्ड' म्हणून विकायची. वस्तू देखणी होते. आणि नेमकं त्याच क्षणी तिच्यावर लिहिलेला हिंदुस्थानचा इतिहास पुसला जातो.

आम्ही याबाबत ठाम आहोत. कारखान्याने, सरकारी हुकुमाने, शिक्का मारून केलेला बदल हा त्या वस्तूचा मूळ भाग आहे. तो लाकडी ठोकळा म्हणजे एका राज्यकर्त्याने आपल्याच पोलिसावर किती विश्वास ठेवला होता त्याचं माप आहे. चिरनेरसारख्या गावाच्या संग्रहालयात ठेवायला चकचकीत .३०३ आणि ठोकळा बसवलेली मस्केट यांतलं एक निवडा म्हटलं, तर आम्ही डोळे मिटून मस्केट उचलू. बाजार तिला उणी म्हणो.

याच्या उलट, खाजगी हाताने केलेला बदल. लाकूड घासून पॉलिश करणं, नळी आखूड करणं, शिकारीसाठी पुढचं लाकूड कापणं, काळा रंग नव्याने चढवणं. हे ओळखायला फार विद्या लागत नाही. लाकूड घासलं की त्यावरचे शिक्के उथळ होतात, कडा गोल होतात, आणि लोखंडाच्या पातळीपेक्षा लाकूड किंचित खाली बसतं. बोट फिरवलं तरी पायरी लागते. लष्करी लाकडाला कच्चं जवसाचं तेल पाजत, त्याने वर्षानुवर्षांत एक लालसर काळपट झाक येते. वार्निशची चकाकी दिसली की समजायचं, कोणीतरी 'सुधारणा' केली. पितळी भांडी चिंचेने लखलखीत करायची आपली सवय इथे घातक आहे. दस्त्याच्या उजव्या बाजूला जुन्या नमुन्यात एक पितळी चकती असते, तिच्यावर पलटणीची अक्षरं ठोकलेली असतात. ती चकती कोणी ब्रासोने घासून आरशासारखी केली, तर वस्तू कुठल्या हातात होती याचा एकुलता एक पुरावा फडक्यावर निघून गेला. उलटही पाहावं: १९१६ पासूनच्या 'मार्क थ्री-स्टार' नमुन्यात खर्च वाचवायला ही चकती, लांब पल्ल्याची बाजूची नेमयंत्रं, काडतूस अडवणारी पट्टी गाळली जाऊ लागली. १९१८च्या रायफलीवर हे सगळं नव्यासारखं जागच्या जागी असेल तर 'वा' म्हणण्याआधी ते कधी लावलं हे विचारावं.

नळीच्या आतली अवस्था हा वेगळाच अध्याय. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर नळीत क्षार उरत, ते हवेतला ओलावा ओढून घेत आणि दोन दिवसांत गंज धरे. म्हणून गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायची शिस्त होती. त्यात आपली कोकणची हवा, उरणची खाडी, आठ महिने दमट. मालखान्यात पडलेल्या बंदुकीची नळी आतून आरशासारखी निघाली तर आनंदापेक्षा शंका आधी यावी: नळी बदललेली नाही ना?

किंमत ठरवताना दुर्मिळता हा शब्द फार वापरला जातो. ती किती तकलादू असते याचं नेपाळ हे उदाहरण. मार्टिनी-हेन्री एकेकाळी परदेशी बाजारात फारशी मिळत नसे. मग २००३च्या सुमारास काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला राणांच्या काळापासून साठलेला शस्त्रसाठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला, आणि हजारो जुन्या बंदुका एकदम बाजारात आल्या. बंदुका जशा होत्या तशाच, पण 'दुर्मिळ' गेलं. संग्राहकांची त्या वेळची तोंडं पाहण्यासारखी झाली असतील. ज्या बंदुकीमागे कागद होता, पलटण ठाऊक होती, तिचा भाव टिकला.

कागदाचं हे महत्त्व आपल्याकडे फार कमी ओळखलं जातं. 'ही चिरनेरची' हे वाक्य लोखंड कधीच सिद्ध करणार नाही. ते पोलीस ठाण्याच्या शस्त्रवहीतला आकडा, त्या दिवशी कोणाला कोणती बंदूक आणि किती काडतुसं दिली याची नोंद, खटल्यातल्या मुद्देमालाची यादी, हेच सिद्ध करू शकतं. बंदुकीवरचा आकडा आणि वहीतला आकडा जुळला तर ती चिरनेरची. नाही जुळला तर ती 'त्या काळच्या धाटणीची', आणि तसं लिहून ठेवायला काहीच हरकत नाही. संग्रहालयाच्या पाटीवर 'अशा प्रकारची' हे दोन शब्द लिहायला आपल्याला कमीपणा का वाटावा?

गोळी कोणाच्या बंदुकीतली, या प्रश्नाकडे जाताना एक समकालीन खटला सांगतो. इंग्लंडमध्ये सप्टेंबर १९२७ मध्ये गटरिज नावाच्या पोलीस शिपायाचा एसेक्समध्ये खून झाला. मोटारीत सापडलेल्या एका रिकाम्या पुंगळीच्या बुडावरच्या खुणा, आणि आरोपीच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या पाठीमागच्या पट्टीवरचे ओरखडे, हे सूक्ष्मदर्शकाखाली जुळले. १९२८ साली दोघांना फाशी झाली. म्हणजे चिरनेरच्या दोन वर्षं आधी हे शास्त्र न्यायालयात पोचलं होतं. त्यातलं तंत्र समजायला सोपं आहे. पीळदार नळी गोळीवर आपल्या खाचा उमटवते. एन्फिल्डच्या नळीत पाच खाचा, डावीकडे वळणाऱ्या. गुळगुळीत मस्केटची गोळी मात्र अशी सही घेऊन निघत नाही. तिथे गोळी मुकी. पण पुंगळी बोलते, कारण तिच्या बुडावर टोचणीचा आणि बोल्टच्या तोंडाचा ठसा पडतोच, नळी पीळदार असो की नसो. म्हणून गोळीबार झालेल्या जागी पुंगळ्या कोणी वेचल्या आणि कुठे ठेवल्या, हा प्रश्न बंदुकीइतकाच मोठा असतो. पोलिसांच्या गोळीबारात त्या वेचायचं काम पोलिसांकडेच असतं, ही जुनी अडचण आहे, आणि ती १९३० सालापुरती नाही.

पुंगळीवर सालही असतं. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा; तिथल्या काडतुसांच्या बुडावर 'के.एफ.' आणि साल असे शिक्के मिळतात. माळावर नांगरताना कोणाला अशी पुंगळी मिळाली आणि तिच्यावर १९४४ असेल, तर ती अक्कादेवीच्या गोळीबाराची नव्हे. १९३० किंवा त्याआधीचं साल असेल तर ती असू शकते, एवढंच. मात्र ती जिथे मिळाली ती जागा, खोली, दिशा लिहून ठेवली तर तिचं मोल खूप वाढतं, आणि खिशात घालून घरी नेली तर ती नुसता पितळेचा तुकडा होते.

चिरनेरच्या महागणपती मंदिरात लोखंडी गजावर गोळीची खूण दाखवतात. या सगळ्या चर्चेनंतर त्या गजाकडे पाहावं. तो कोणी विकत घेतलेला नाही, कोणी कुठून आणलेला नाही, तो आपल्या जागेवर आहे. खुणेची दिशा, उंची, खोली मोजता येते, त्यावरून बार कुठल्या बाजूने आला याचा अंदाज बांधता येतो. लिलावात त्या गजाला भंगाराचा भाव येईल. पण लाखभर रुपयांच्या निनावी रायफलीपेक्षा तो जास्त सांगतो. मंदिराचं काम काढताना रंगाऱ्याने त्यावर ऑइलपेंटचे चार हात मारू नयेत, आणि गज बदलायचाच झाला तर आधी जागेवर मोजमाप आणि फोटो घ्यावेत, एवढी आमची विनंती आहे.

आता कायद्याचं बोलणं भाग आहे, कारण व्याख्यान ऐकून घरी जाऊन कोणी माळ्यावरची बंदूक काढायला नको. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली .३०३ रायफल आणि .४१० मस्केट या दोन्ही साध्या परवान्याच्या वस्तू नाहीत. नियमांत त्यांची नावं घेऊन त्यांना निर्बंधित गटात टाकलंय. मस्केटच्या नावावरची ती इंग्रजकालीन सावधगिरी आपल्या नियमांत अशी उतरली आहे. जुन्या धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला कलम ४५ खाली सूट आहे. पण 'वापरता येणार नाही' हे आपण ठरवायचं नाही. कलम ८ तर प्रत्येक हौशी माणसाने पाठ करावं: बंदुकीवरचा आकडा वा खूण पुसणं, खरवडणं हा गुन्हा, आणि पुसलेल्या आकड्याची बंदूक ज्याच्याजवळ सापडेल त्यानेच ती पुसली असं धरलं जातं, उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे गंज काढायला सँडपेपर मारणारा माणूस इतिहास तर घालवतोच, वर आरोपीही होतो. याशिवाय १९७२चा पुराणवस्तू कायदा आहे. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू त्यात येऊ शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा परदेशी लिलावाचे आकडे बघून घरी हिशोब मांडू नयेत.

वेळ संपत आली. दोन प्रश्न चिठ्ठ्यांवर आले आहेत, तेवढे घेऊ.

पहिला प्रश्न: 'घरात जुनी बंदूक सापडली तर नेमकं काय करावं?' नळी स्वतःकडे किंवा कोणाकडेही करू नका, ती भरलेली आहे असंच समजा. ठासणीच्या बंदुकीत शंभर वर्षांची दारू जिवंत असू शकते. तेल, कापड, घासणी काही लावू नका. जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. त्या पत्रात ती घरात कोणाच्या काळापासून आहे, जुना परवाना मिळाला का, म्हाताऱ्या माणसांना काय आठवतं, हे सगळं लिहा. पुढे ती कुठल्या संग्रहालयात गेली तर तिच्यामागचा पहिला कागद तोच असेल.

दुसरा प्रश्न: 'संग्रहालयात बंदूक ठेवायची तर ती निकामी करावी लागते, मग ती मूळ राहते का?' चांगला प्रश्न आहे. निकामी करायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. सैन्यात कवायतीसाठी बाद केलेल्या रायफलींवर 'डी.पी.' असा शिक्का असतो, त्यांच्या नळीला भोक पाडलेलं किंवा टोचणी कापलेली असते, लाकडावर कधी पांढरे पट्टे असतात. हाही कारखान्याचा, शिक्क्यासह केलेला बदल. आमच्या हिशोबाने तो त्या रायफलीच्या आयुष्याचा भाग. आज नव्याने निकामी करायची झाली तर अधिकाऱ्याकडून, शिक्के आणि आकडे यांना हात न लावता, आणि कापण्यापूर्वी नळीच्या आतल्या पिळाचे मोजमाप आणि फोटो घेऊन. कापलेला तुकडाही फेकायचा नाही. त्याच बंदुकीच्या आकड्याची चिठ्ठी बांधून तो पेटीत ठेवायचा.